मातीखालची रेघ

चपला काढतानाच कार्तिकेयला शिकेकाईचा वास आला. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दिवशी घरात कापूर, चंदन आणि सुंडल उसळीसाठी उकडलेल्या हरभऱ्यांचा वास यायला हवा, शिकेकाईचं काय काम? पहाटेच निघून मेकॅनिक मित्राच्या गॅरेजमधली पूजा आटोपून तो परतला होता, हातात प्रसादाच्या चुरमुऱ्यांचा पुडा होता. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि पुडा हातातून सुटून उंबऱ्यावर फुटला.

सरस्वतीच्या तसबिरीसमोर लाल वस्त्र अंथरलं होतं. त्यावर वडिलांचं, अप्पांचं, मोजणी खात्यातलं पितळी कर्कटक, शिलाई मशीनचं डोकं, बायकोची, संगीताची, शाळेत शिकवायची पुस्तकं, स्कूटरची किल्ली. दरवर्षीचंच सगळं. आणि त्यांच्या पुढे, देवीकडे तोंड करून, रांगा लावून त्याच्या काचकपाटातल्या एक्केचाळीस गाड्या. खऱ्या शर्यतीच्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याच्या, वीतभराहून थोड्या मोठ्या, ज्यांना तो स्वतःही हातमोजा घातल्याशिवाय शिवत नसे. एकूण एक ओली. एकूण एकीच्या नाकाडावर चंदनाचा टिळा आणि वर कुंकू.

चाळीस गाड्यांचं त्याला काही वाटलं नाही. कापसाने पुसल्या असत्या. तो पाहत होता ती दुसऱ्या रांगेतली निळी, सोळा नंबरची. कोइमतूरच्या सुंदर सारांनी, म्हणजे त्याच्या सरांनी, बनवलेली. चोवीस तासांची शर्यत पावसात धावून आलेली गाडी कशी दिसेल, तशी त्यांनी ती चौदा महिने खपून मळवली होती. चाकांमागे उडालेल्या चिखलाचे फराटे, दारावर तेलाचे ओघळ, पुढच्या काचेवर सुईच्या टोकाने रंगवलेले चिरडलेले किडे. वरून वॉर्निश मारलं नव्हतं, कारण वॉर्निशने माती चमकते आणि खोटी दिसते. रविवारी खोकं उघडताना कार्तिकेयने कॅमेऱ्यासमोर तिला दहापैकी साडेनऊ दिले होते. त्याच्या चॅनेलवर आठ वर्षांत कुणालाही साडेनऊ मिळाले नव्हते. आज चार वाजता तिची पूर्ण परीक्षा व्हायची होती, थेट प्रक्षेपण, समोर स्वतः सुंदर सार.

आता ती निळी गाडी नुकत्याच न्हाऊन आलेल्या पोरासारखी लखलखत होती. काचेवर एक किडा शिल्लक नव्हता.

"कुणी धुतल्या?" तो ओरडला. "कुणी हात लावला माझ्या गाड्यांना?"

संगीता स्वयंपाकघरातून धावत आली. तिचा चेहरा पाहूनच त्याला कळलं, किल्ली हिच्याकडून गेली.

"काचकपाटाची किल्ली तू दिलीस?"

"अम्मांनी मागितली. मला वाटलं तुम्ही सांगून गेलात."

"मी? मी सांगून जाईन? आठ वर्षांत त्या कपाटाजवळ झाडू येऊ दिला का मी? डोकं कुठे ठेवलं होतंस?"

"माझ्यावर ओरडायचं नाही," संगीता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण लाकूड झाला होता. "घरात दोन माणसं बोलत नाहीत आणि मधल्या माणसाने मनातलं ओळखायचं, हे मला जमत नाही."

खुर्चीत बसलेल्या रघोजीकाकांनी पेपर खाली केला. पापनाशमच्या शेताची वाटणी झाल्यापासून काका या घरात पाहुणे म्हणून येत आणि मालक म्हणून बसत. आजची पूजा त्यांनीच केली होती, राहुकाळ लागायच्या आत उरकायची म्हणून पुतण्याची वाट न बघता.

"एवढं काय झालं, कार्तिक? तुझ्या बाहुल्यांची, बोम्मैंची, आंघोळ झाली. सणाला सगळ्यांचीच होते."

"बोम्मै नव्हेत त्या!"

"होय, तेंच." मागून आवाज आला. त्याची आई कामाक्षी पदराला हात पुसत दारात उभी होती. "बोम्मै नव्हेत ऐसं तूंच सांगितलास. मी धुतल्यें. सहा वाजल्यापासून परसात बसून, एकेक, जुन्या ब्रशाने. काय म्हणणं आहे तुझं?"

कार्तिकेयला आपलेच शब्द आठवले. नऊ दिवसांपूर्वीची गोष्ट. नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीच्या, कोलूच्या, पायऱ्या मांडताना काकाच म्हणाले होते की खालच्या पायरीवर कार्तिकच्या गाड्या ठेवा, बघायला येणारी मुलं खूश होतील. तेव्हा तो असाच तापला होता. कोलूला बाहुल्या ठेवा, म्हणाला होता, ही खेळणी नाहीत, हे माझं आयुध आहे. सुताराला करवत तशा मला या. सगळ्या घराने ऐकलं होतं. आणि आईने ते शब्दशः घेतलं होतं. सुताराची करवत आयुधपूजेला पूजेत बसते. बसण्याआधी धुतली जाते. गंजही काढतात, चिखलही काढतात.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणून हसण्याची त्याची मनःस्थिती नव्हती. त्याने वाकून निळी गाडी उचलली.

"खाली ठेव!" काका खुर्चीतून उठलेच. "पूजेत बसलेलं आयुध उद्या सकाळच्या पूजेपर्यंत हलवायचं नसतं. लहान आहेस काय?"

"चंदन वाळलं तर रंगावर डाग धरील, काका. ही माझी नाही. दुसऱ्याची आहे!"

आणि तो गाडी घेऊन खिडकीकडे गेला.

कामाक्षीला त्या एका हालचालीचा जितका राग आला, तितका राग तिला नवरा, त्यागराज, गेल्यानंतरच्या तीन वर्षांत कशाचाही आला नव्हता. तो मोजणी खात्यातला सरकारी नोकर, देवाधर्माचं त्याला फार नव्हतं. पण एका आयुधपूजेला बदलीचा हुकूम घेऊन शिपाई दारात आला, तेव्हा पूजेतलं स्वतःचं पेन न उचलता त्याने शेजारच्या मुलाकडून पेन्सिल मागून पोच लिहून दिली होती. आणि हा मुलगा! देवीच्या समोरून ओढून नेतो.

शिवाय तिचे गुडघे दुखत होते. सहा तास पाटावर बसून तिने एक्केचाळीस गाड्यांची चाकं फिरवून फिरवून धुतली होती. आठ वर्षं या घरात त्या काचेआडच्या वस्तूंवरून टोमणेच मारले गेले होते, त्यात तिचेही होते. मुलगा रविवारी खोलीचं दार लावून त्या गाड्यांशी इंग्रजी-तमिळमध्ये बोलतो, घरच्यांशी मात्र हूं आणि हां. या वर्षी तिने ठरवलं, पोदुम, पुरे झालं. त्याला आयुध वाटतं ना, मग आपणही आयुध म्हणू. देवीपुढे मांडू. तो येईल, बघेल, एक शब्द तरी बोलेल. शब्द आले, ते हे.

"मळकी गाडी देवीपुढे ठेवायची काय?" ती म्हणाली. "कोणाच्या घरची घाण ती! चाकांत चिखल, काचेवर किडे. मला वाटलं पाठवणाऱ्याला पुसायला कोणी नाही."

"ती घाण नव्हती, अम्मा! ती कला होती! चौदा महिने लागले त्या माणसाला!"

"चिखल लावायला चौदा महिने?"

"होय!"

"मग रेघ मारायला किती लागले? दोन मिनिटं?"

कार्तिकेय थबकला. "कुठली रेघ?"

"आतां मला विचारतोस? एवढा परीक्षा घेणारा तूं." कामाक्षी त्याच्याजवळ गेली आणि गाडीच्या बाजूवर बोट धरलं. नाकापासून शेपटीपर्यंत गेलेली पांढरी रेघ. "एथून एथपर्यंत बरी आहे. एथून बघ कैसी गेली ती. थरथरत. मग थांबून पुन्हा धरली. पुन्हा थरथरली. साठ वर्षं दारात रांगोळीचा कोलम घालत्यें मी, रेघ मारणाऱ्याचा हात मला सांगूं नको. हा हात कापतो. आणि चिखल नेमका तिथेच जास्त होता. खरवडून काढावा लागला. तो चिखल नव्हे, झाकण होतं."

तिने हे शहाणपणा म्हणून सांगितलं नव्हतं. भांडणात हाताला लागेल ते माणूस फेकतं, तसं फेकलं होतं. पण ते नेमकं लागलं.

कार्तिकेयने फोनचा टॉर्च लावला आणि गाडी डोळ्याला भिडवली.  मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कामाक्षीला ते लहानपणापासून माहीत होतं, पाळ्या लाल झाल्या की त्याचा खरा राग सुरू होतो. आतापर्यंतचा नुसता आरडाओरडा होता.

"फसवलं मला," तो म्हणाला. "साडेनऊ दिले मी. एकोणीस हजार लोक बघतात माझं चॅनेल, त्यांच्यासमोर. आणि या माणसाने चिखल फासून माझ्या हातात ठेवली. माझ्या!"

"बघ!" रघोजीकाकांनी मांडीवर थाप मारली. पाच मिनिटांपूर्वी पाप-पुण्य सांगणारा माणूस आता वकील झाला होता. "सुटलास तूं. आतां चार वाजतां सरळ सांगून टाक. आम्ही गाडी धुतली कां? तर आम्हांला संशय आला मणून. माती काढून पाहिली तर खाली हें. तुझं नांव होईल. वहिनींचंही कांही चुकलं नाही ऐसं होईल."

"माझं काय चुकलं ऐसं तुम्ही कोण सांगणार, भाऊजी?" कामाक्षी त्यांच्यावर उलटली. "मी संशयाने धुतली नाही. खोटं माझ्या नांवावर नको."

"मग काय सांगणार? अम्माने शिकेकाई लावली ऐसं?"

"तेंच सांगायचं. तेंच झालंय."

"सगळे गप्प बसा!" संगीता म्हणाली. आजवर या घरात तिने काकांसमोर असा आवाज काढला नव्हता. ती नवऱ्याकडे वळली. "सारांच्या हाताला काय झालंय?"

"मला काय माहीत?"

"आठ वर्षं दर रविवारी तासभर बोलता. काय वय आहे त्यांचं? घरी कोण असतं?"

"बसगाड्यांवर नावं आणि पट्टे रंगवायचे ते. रिटायर झाले. घरी..." कार्तिकेय अडला. "आम्ही गाड्यांबद्दल बोलतो, संगीता. घरचं नाही."

"मग आज विचारा. कॅमेरा लावण्याआधी."

"आज मी फक्त एकच विचारणार आहे," तो म्हणाला, आणि खोलीत जाऊन दार लावलं. जेवायला तो बाहेर आला नाही. सणाचं पान वाढून झाकून ठेवलेलं तसंच राहिलं, आणि कामाक्षीही जेवली नाही. काका जेवले.

पावणेचारला संगीता न विचारता खोलीत गेली. दर रविवारी दिवा धरायचं काम तिचंच असे. तेवढ्या कामापुरता तिला त्या खोलीत प्रवेश होता. काळ्या कापडावर निळी गाडी ठेवलेली होती. चंदन पुसलेलं, कुंकवाची किंचित लाली अजून नाकाडावर. कामाक्षी दाराच्या बाहेर स्टूल घेऊन बसली होती. आत ये असं तिला कोणी म्हटलं नाही, आणि ती जाणारही नव्हती.

स्क्रीनवर सुंदर सार आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस नीट बसवलेले, मागे उघड्या भिंतीवर एकच कॅलेंडर. दोन्ही हात टेबलाखाली. संगीताच्या लक्षात आलं, ते नेहमीच असे बसतात. तिने आठवून पाहिलं, गेल्या वर्षभरात त्यांचे हात तिने एकदाही पाहिले नव्हते.

"काय कार्तिक," ते तमिळमध्ये उत्साहाने म्हणाले, "उजेड डावीकडून घे बरं का. किड्यांची सावली पडली पाहिजे."

"किडे नाहीत, सार."

"म्हणजे?"

"आज आयुधपूजा. घरात गाडी धुतली गेली. माती नाही, तेल नाही, काही नाही. माझी चूक, सार. कपाटाला कुलूप होतं, पण चूक माझीच."

सुंदर सार स्क्रीनकडे पुढे झुकले. रागाने त्यांच्या कपाळावरची शीर वर आली होती. संगीताला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, आणि ओरडावंच त्यानं, चौदा महिने गेलेत त्याचे.

"सगळी गेली?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

"मग रेघ दिसली असेल."

"दिसली," कार्तिकेय म्हणाला आणि दुपारपासून दाबून धरलेलं सगळं त्याच्या तोंडून बाहेर आलं. "मला का फसवलंत? दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी समजलो असतो. तुम्ही मला गाडी बघायला शिकवलीत! चिखलाने चूक झाकू नये, हे कुणाचं वाक्य आहे? माझं? तुमचं!"

"माझंच." आवाज तापलेलाच होता. "फसवलं, कबूल. आता चार वाजले. सुरू कर."

"आज करत नाही. तब्येतीचं कारण सांगतो, पुढच्या रविवारी..."

"सुरू कर म्हणतो ना! दया दाखवतोस मला? माझा शिष्य, तो पोरगा, एक स्टिकर केसभर वाकडं लावलं म्हणून तू त्याला तीन दिलेस. रडला तो. माझ्याकडे आला. मी तुझी बाजू घेतली. त्याला म्हटलं, कार्तिकेय माणूस बघत नाही, गाडी बघतो, म्हणून त्याच्या आकड्याला किंमत आहे. मग आता? मी म्हातारा झालो म्हणून तुझा आकडा बदलणार?"

कार्तिकेयने संगीताकडे पाहिलं. संगीताने मान हलवली, नको म्हणून. दिवा धरलेला तिचा हात दुखत होता. दाराबाहेर स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

त्याने थेट प्रक्षेपणाचं बटण दाबलं.

कोपऱ्यातला आकडा भरभर चढला आणि तीनशे बारावर थांबला. सणाचा दिवस, सगळे घरी होते. कार्तिकेयने नमस्कार केला, गाडी फिरवून दाखवली, आणि सांगितलं की रविवारी पाहिलेली माती आज नाही, ती आमच्या घरात धुतली गेली, त्यात गाडी बनवणाऱ्याचा दोष नाही. खाली भराभर रडके चेहरे, शिव्या, हसणं सुरू झालं. तो ते न वाचता पुढे बोलत राहिला. चाकांवरची बैठक, दहापैकी नऊ. रंगाचा थर, आठ. आतली सीटं, नऊ. त्याचा आवाज नेहमीचाच होता, कोरडा, घाई नसलेला. हा आवाज संगीताला कधीच आवडला नव्हता.

मग त्याने गाडी आडवी धरली. रेघ कॅमेऱ्यासमोर आली, आणि एवढ्या मोठ्या स्क्रीनवर ती लपण्यासारखी नव्हती.

"बाजूचा पट्टा," तो म्हणाला. थांबला. "हातानं मारलेला. सुरुवात चांगली. मध्ये तीन ठिकाणी थरथर. पुन्हा धरल्याची खूण दिसते." परत थांबला. "तीन."

स्क्रीनच्या दुसऱ्या अर्ध्या भागात सुंदर सारांनी टेबलाखालून हात वर काढले आणि कॅमेऱ्यासमोर धरले. दोन्ही हात आपापले हलत होते, त्यांना न विचारता. डाव्यापेक्षा उजवा जास्त.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मी दोन दिले असते."

दार धाडकन उघडलं. कामाक्षी आत आली ती थेट कॅमेऱ्यासमोर, मुलाला खांद्याने बाजूला सारून, सणाची हिरवी साडी, चुरगळलेली. तीनशे बारा लोकांना ही बाई कोण ते माहीत नव्हतं आणि तिला ते तीनशे बारा लोक.

"माती मी धुतली," ती तमिळमध्ये म्हणाली. "विचारायला हवं होतं, विचारलं नाही, ही माझी चूक. पण तुमचीही चूक आहे. हात कापतो तर कापतो! माझ्या दारातला कोलम या वर्षी वाकडा होतो, मी काय त्यावर चिखल टाकते? एवढं वय झालं तुमचं, मातीखाली कशाला लपवता? सांगायचं होतं ना सरळ!"

"कुणाला, अम्मा?" सुंदर सार म्हणाले.

त्यांनी ते चिडूनच विचारलं होतं, पण त्यांना उत्तर हवं होतं. ते वाट बघत राहिले. कामाक्षीने वळून मुलाकडे पाहिलं. संगीतानेही पाहिलं.

‘मला’ म्हणायला कार्तिकेयने तोंड उघडलं. पण त्याच तोंडाने त्याने आत्ताच तीन म्हटलं होतं.